कुठल्या रस्त्यानं जाऊ?

भोरहून शिरवळला सायकलनं कामाला जातो असं सांगितलं की लोक विचारतात, 'का रे बाबा?' कुणी तब्येतीचं विचारतं, कुणी पेट्रोलच्या भावाचं. 'कुठून जातोस?' असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. मोटारसायकलवाल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्यासाठी भोर ते शिरवळ एकच रस्ता आहे. सायकलवाल्यासाठी तीन आहेत. पाऊस, ऊसतोड, उन्हाळा, रमजान असं सगळं धरलं तर सात-आठ होतात.

मी शिरवळच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. पहिली पाळी सातला सुरू होते. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सायकलनं तासाच्या आत-बाहेर. पाळीच्या वेळेला एसटी जुळत नाही. मोटारसायकल घ्यावी तर हप्ता आणि पेट्रोल धरून पगारातला एक तुकडा रोज रस्त्यावरच सांडतो. त्यामुळे बारा वर्षं सायकल चालली आहे. यात मोठेपणाचं काही नाही. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता असं विचारलं होतं. देशभरात सुमारे दोन कोटी साठ लाख लोकांनी सायकल असं सांगितलं, म्हणजे शंभरातल्या तेरा जणांनी. स्कूटर-मोटारसायकलवाले तेव्हा त्यांच्यापेक्षा थोडे कमीच होते. वॉचमन, हेल्पर, गवंडी, वर्कशॉपमधली पोरं अशी ही माणसं. शिरवळच्या कारखान्यांच्या गेटवर सकाळी उभं राहिलं तर आजही दिसतात.

हे आत्ता लिहायचं कारण माझी भाची. तिचा लॅब टेक्निशियनचा कोर्स झाला आणि ईदनंतर तिला शिरवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम लागलं. वेळ साडेआठ ते पाच. पगार सुरुवातीचा, म्हणजे स्कूटी घ्यावी इतका नाही. घरात चर्चा सुरू झाली, की रोज सोडायला-आणायला कोण जाणार. दोन दिवस ती ऐकत होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, 'मामू, तुम्ही रोज जाता ना? मी कुठल्या रस्त्यानं जाऊ?'

बारा वर्षांत हा प्रश्न नीट विचारणारी ती पहिलीच. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

पहिला रस्ता मोठा. भोरमधून निघून शिंदेवाडीच्या फाट्यावर पुणे-सातारा महामार्गाला लागायचं आणि तिथून शिरवळ. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. शिंदेवाडी-भोर-वरंध, क्रमांक ९६५ डीडी. डांबराच्या जागी काँक्रीट आलं. मोटारवाले खूश आहेत, आणि त्यात वाईट काही नाही. पूर्वीचे खड्डे मोजताना आम्हीही शिव्याच घालत होतो. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. ते खड्डे आमचे राखणदार होते. खड्ड्यांमुळे ट्रक तिसऱ्या गिअरमध्ये यायचा. आता तो यायच्या आधी त्याचा वारा येतो.

नवीन काँक्रीटच्या रस्त्याची खरी अडचण त्याच्या कडेला असते. काँक्रीटचा थर जुन्या जमिनीपेक्षा उंच होतो. शेजारची साइडपट्टी मुरमानं भरून त्याच्या पातळीला आणली नाही, तर मध्ये एक पायरी तयार होते. कुठे चार बोटं, कुठे वीतभर. मोटारीला ती दिसतही नाही. सायकलवाल्याला दुसरं काहीच दिसत नाही. मागून हॉर्न वाजला की त्याच्याकडे अर्धा सेकंद असतो. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला पायरी. चाक तिरकं उतरलं की हँडल हातातून सुटतं. सरळ उतरलं तर मुरमात रुतून माणूस पुढे फेकला जातो. बरं, उतरलो तरी पुन्हा वर चढायला सायकलवरून खाली उतरावंच लागतं.

दुसरी अडचण दिशेची आहे, आणि ती कुणी सांगत नाही. शिरवळ भोरच्या पूर्वेला आहे. सकाळी जाताना ऊन डोळ्यांवर, संध्याकाळी येताना पुन्हा डोळ्यांवरच. आपण टोपी खाली ओढू शकतो. पण आपल्या मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं, आणि त्या उजेडात सायकल म्हणजे एक काळी रेघ. मी सकाळी सूर्य उगवल्यानंतरची पहिली पाऊण तास वेळ मोठ्या रस्त्यावर टाळतो. अंधारात दिवा दिसतो, लख्ख दिवसा माणूस दिसतो. त्या मधल्या वेळात काहीच दिसत नाही.

नीरा पूर्वेला वाहते. त्यामुळे जाताना एकूण उतार आहे आणि येताना चढ. डोळ्यांना कळत नाही, मांड्यांना कळतो. आषाढात पश्चिमेचा वारा सुरू झाला की जाताना तो पाठीवर हात ठेवून ढकलतो, आणि येताना तोच छातीवर हात ठेवून उभा राहतो. पावसाळ्यात परतीच्या वेळेत मी वीस मिनिटं जास्त धरतो. रोज येणाऱ्याला हा हिशेब करावा लागतो. रविवारी भाटघरचा जलाशय नाहीतर वरंधा घाट बघायला पुण्याहून येणारे हेल्मेटवाले सायकलस्वार वारा कुठून आहे ते मोबाइलमध्ये बघून निघतात. आमची पाळी वारा बघून लागत नाही.

दुसरा रस्ता कालव्याचा. नीरा-देवघर धरणाचा उजवा कालवा भोर तालुक्यातून खंडाळा तालुक्याकडे जातो. कालव्याच्या कडेनं पाटबंधारेवाल्यांच्या गाड्यांसाठी कच्ची वाट असते. नव्या माणसाला मी ही वाट दाखवली की तो हरखतो. चढ नाही, उतार नाही. पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून कालवा डोंगराची एकच पातळी धरून वळत वळत जातो, आणि त्याच्या कडेनं जाणाऱ्यालाही चढावं लागत नाही. ट्रक नाही, हॉर्न नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर वाफ असते.

पण वळणं घेता घेता अंतर वाढतं. शिरवळला जायचं तर मध्येच कालवा सोडून खाली उतरावं लागतं. पावसाळ्यात माती चाकाला अशी चिकटते की मडगार्डमध्ये बसून चाक फिरेनासं होतं, आणि मग सायकल खांद्यावर. अंधारात भरावाच्या कडा खचलेल्या दिसत नाहीत. सापांची भीती तर आहेच. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिथे माणूस नाही. एकदा तिथे चेन तुटली. पाऊण तास सायकल ढकलत चाललो तेव्हा पहिला माणूस भेटला, आणि तोही झोपेत मोटर सुरू करायला आलेला. ट्रक नसणं चांगलं. पण कुणीच नसणं हे वेगळंच प्रकरण आहे.

तिसरा रस्ता गावांमधून. एका गावातून दुसऱ्या गावात, तिथून तिसऱ्या. कुठे डांबर, कुठे ग्रामपंचायतीचं सिमेंट, कुठे नुसतीच खडी. नकाशात तो एक रस्ता म्हणून दिसतच नाही. गुगलनं २०१७ साली भारतात दुचाकीसाठी वेगळा पर्याय दिला, पण तो मोटारसायकलचा. तो आपल्याला लवकर पोचवायला बघतो, आणि लवकर पोचवणारा रस्ता मोठाच असतो. गावांचा रस्ता आपणच तुकडे जोडून शिवावा लागतो. कुठल्या गावाची गटारं रस्त्यावर येतात, कुठला ओढा पावसात रस्त्यावरून वाहतो, कुठे ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्या शेतातून चिखल घेऊन बाहेर पडतात आणि रस्ता साबणासारखा होतो, हे सगळं पाठ करावं लागतं. कुत्र्यांचंही एक शास्त्र आहे. जोरात पळवायची नाही. खाली उतरायचं, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये ठेवायची आणि चालत त्याची हद्द ओलांडायची. त्याची हद्द कुठे संपते ते त्याला आपल्यापेक्षा जास्त पक्कं माहीत असतं.

या रस्त्याला चढउतार आहेत, ब्रेकर आहेत, म्हशी आहेत. मोठ्या रस्त्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त लागतात. तरीही वर्षातले जास्त दिवस मी याच रस्त्यानं जातो.

कारण या रस्त्यावर सकाळी सहाला दिवा असतो. दूध संकलन केंद्राचा. कॅन घेऊन येणारी माणसं असतात, काट्यावरून वाद असतो, कुणीतरी चहा घेत असतं. डिसेंबर-जानेवारीत फजरची वेळ पावणेसहाच्या सुमारास सुरू होते आणि सूर्य सातनंतर उगवतो. मला सातला गेटवर पंच करायचं असतं. म्हणजे त्या दोन महिन्यांत फजर एकतर घरी अगदी घाईत, नाहीतर वाटेत. पहिल्या वर्षी मी त्या डेअरीपाशी थांबलो आणि वजू कुठे करावं ते बघत होतो. कॅन धूत असलेल्या म्हाताऱ्या बाबांनी नळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, 'गार हाय पाणी, बेतानं.' नमाज ओट्याच्या कोपऱ्यावर झाली. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, कुणी कौतुकही केलं नाही. मला ते कौतुक न करणंच आवडलं. पुढे कधी दोन दिवस मी दिसलो नाही की तिसऱ्या दिवशी विचारणा व्हायची, 'पाळी बदलली का रं?'

रस्ता ओळखायची आणखी एक जागा आहे, ती म्हणजे पंक्चरचं दुकान. हल्ली 'पंक्चरवाले' ही आपल्या समाजाला हिणवायची शिवी झाली आहे. टीव्हीवर, मोबाइलवर, कुठेही ऐकायला मिळते. मला तर तालुक्यातल्या रस्त्यांचा सगळ्यात मोठा जाणकार पंक्चरवालाच वाटतो. आमच्या आळीतले चाचा टायर उघडून आत बोट फिरवतात आणि न विचारता सांगतात, 'आज मोठ्या रस्त्यानं गेला होतास.' कारण मोठ्या रस्त्यावर ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे कडेला पडतात, आणि तेच सायकलच्या टायरमध्ये घुसतात. बाभळीचा काटा निघाला तर कालव्याची वाट. बैलाच्या नालेचा खिळा निघाला तर गावातून. कुठल्या महिन्यात काय निघतं, कुठल्या वळणावर काचा आहेत, कुठे नवी खडी टाकली आहे, हे त्यांना जागच्या जागी बसून कळतं. रस्त्याची पाहणी करायला येणाऱ्या साहेबांनी आधी त्यांच्याकडचा खिळ्यांचा डबा बघावा.

चाचांचा धंदा मात्र आता मोटारसायकलींवर चालतो. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला तो दिवस होता ३ जून २०२०, जागतिक सायकल दिनाचा. चाचा तेव्हा काही बोलले नाहीत. जुन्या सायकलींचे हब, एक्सल, कप-कोन असा माल त्यांनी एका पेटीत वेगळा ठेवायला सुरुवात केली. माझी सायकल त्या पेटीवरच चालली आहे.

रस्ते ऋतूंप्रमाणे बदलतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. आमचे चंद्राप्रमाणेही बदलतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०१९ साली रोजे मे महिन्यात होते. पाळी तीनला सुटायची, आणि तीनच्या उन्हात पाण्याचा घोट न घेता परतीचा चढ चढायचा. तेव्हा मी शिरवळच्या मशिदीत थांबायचो, अस्र पढून पाचनंतर निघायचो आणि झाडं असलेला रस्ता धरायचो, मग तो कितीही लांबचा असो. तेव्हा मोठ्या रस्त्याच्या कडेलाही सावली होती. रुंदीकरणात ती गेली. यंदा रोजे फेब्रुवारीत सुरू झाले. सहेरी करून, फजर पढून निघालो की हवेत गारवा. येतानाही ऊन सोसवण्यासारखं. रोज्यात सायकल कशी झेपते असं लोक विचारतात. पाय आपलं काम करतात. सावली कुठे आहे ते तेवढं माहीत पाहिजे.

आणि काही दिवस असे असतात की रस्ता ऊन-पावसावर ठरत नाही. कुठेतरी काहीतरी घडलेलं असतं, भोरपासून लांब, पण मोबाइलमधून ते सगळीकडे पोचलेलं असतं. अशा दिवशी अम्मी दारात उभी राहून म्हणते, 'आज मोठ्या रस्त्यानं जा.' तिचं म्हणणं, मोठ्या रस्त्यावर आपल्याला कुणी ओळखत नाही. मी अशा दिवशी मुद्दाम गावांमधून जातो. माझं म्हणणं, तिथे आपल्याला सगळे ओळखतात. दोघांच्या मनात गोष्ट एकच आहे, उत्तरं वेगळी आहेत. अशाच एका सकाळी डेअरीपाशी एक पोरगा मोबाइलवर मोठ्या आवाजात काहीतरी बघत होता. मी सायकल स्टँडला लावली तसा त्यानं आवाज बंद केला. बाबांनी कॅन धुता धुता त्याच्याकडे एकदा बघितलं. एवढंच झालं. मी अजूनही ठरवू शकलेलो नाही की त्या सकाळबद्दल बरं वाटून घ्यायचं की वाईट. पण त्या रस्त्यानं जाणं मी सोडलं नाही.

तर भाचीचा प्रश्न. नेदरलँड्समध्ये सायकलचे रस्ते आखणारे पाच कसोट्या लावतात. रस्ता सलग हवा, मध्येच तुटणारा नको. सरळ हवा, उगाच वळसा नको. सुरक्षित हवा, सोयीचा हवा, आणि जावंसं वाटेल असा हवा. मी तिन्ही रस्त्यांना या कसोट्या लावून बघितल्या. मोठा रस्ता सलग आणि सरळ, पण सुरक्षित नाही. कालवा जावंसं वाटेल असा, पण ना सलग ना सरळ. गावांचा रस्ता प्रत्येक कसोटीला काठावर पास. मग मी माझी सहावी कसोटी लावायचो, रस्ता ओळखीचा हवा. आपण पोचलो नाही तर कुणाच्या तरी ध्यानात येईल असा. या कसोटीवर गावांचा रस्ता पहिला यायचा, आणि भाचीला मी तोच सांगणार होतो.

एका रविवारी तिला तिन्ही रस्त्यांवरून नेलं. ती तिच्या कॉलेजच्या सायकलवर, मी माझ्या. कालवा तिला आवडला. तिथे तिनं फोटो काढले आणि म्हणाली, 'इथं एकटीनं नाही.' त्यावर चर्चा करायची गरज नव्हती. मोठ्या रस्त्यावर ती गप्प होती, सगळं लक्ष कडेच्या पायरीवर. गावांच्या रस्त्यावर तीन ठिकाणी थांबावं लागलं. तिन्ही ठिकाणी लोकांनी मायेनं विचारलं. ही कोण? कुणाची? कुठं निघाली? किती शिकली? लग्नाचं काय? चौथ्या ठिकाणी एका बाईंनी स्कार्फकडे बघून, अगदी प्रेमानंच, 'गरम नाही का होत गं?' असं विचारलं.

परत आल्यावर ती म्हणाली, 'मामू, तुम्हाला तिथं सगळे ओळखतात म्हणून तो रस्ता चांगला आहे. मला सगळे ओळखायला लागले तर मी रोज उत्तरं देत कामाला जाणार. एक दिवस उशीर झाला तर तो उशीर माझ्याआधी घरी पोचलेला असेल.'

मी यावर बराच विचार केला. मी दिसलो नाही तर कुणीतरी विचारपूस करतं, हे मला आधार वाटतं. तिच्यासाठी तीच विचारपूस पहारा होते. डोळे तेच, माणसंही तीच, आणि त्यांच्या मनात काही वाईटही नाही. मुलीला सायकल शिकवणं ही अर्धीच गोष्ट असते. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या, त्यात मुस्लीम बायकाही होत्या, आणि त्याचं पुढे खूप लिहून आलं. त्या बायकांना सायकलवरून विहिरीला जाता आलं, बाजाराला जाता आलं, कुणाला न विचारता जाता आलं. त्यातलं 'कुणाला न विचारता' हे सगळ्यात महत्त्वाचं. माझी भाची तेवढंच मागत होती. लोक असलेला रस्ता हवा, पण प्रत्येकाला उत्तर द्यावं लागेल असा नको.

तिनं तिचा रस्ता स्वतःच शिवला. सकाळी साडेसातला निघून भोरच्या बाहेरचा पहिला तुकडा मोठ्या रस्त्यानं. त्या वेळेला शाळेची पोरं सायकलनं आणि चालत रस्त्यावर असतात, आणि पोरं असली की गाड्या थोड्या सांभाळून चालतात. सूर्यही तोपर्यंत बराच वर आलेला असतो. पुढे पोरं संपतात तिथे ती आत वळते, पण गावाच्या मधून न जाता वस्त्यांच्या कडेनं जाणारा एक शेतरस्ता धरते. तो मला बारा वर्षांत सापडला नव्हता, तिला तिसऱ्या दिवशी सापडला. संध्याकाळी पाचला लॅब सुटते. उन्हाळ्यात उजेड पुरतो. हिवाळ्यात पुरणार नाही, तेव्हा काय करायचं ते दिवाळीच्या आत ठरवायचं आहे. चाचांनी तिच्या सायकलला मागे लाल दिवा, पुढे पांढरा, दोन्ही चाकांत रिफ्लेक्टर आणि हँडलला आरसा लावून दिला. आरशाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, मागचं दिसलं की माणूस सरळ चालवतो.

तिच्या रस्त्यात मोठ्या रस्त्याचा तुकडा आहे, म्हणून मला आता त्या पायरीचा विचार रोज करावा लागतो. स्वतःपुरता मी तो रस्ता टाळत होतो. तिला तो टाळता येत नाही, आणि तिनं का टाळावा? रस्ता सगळ्यांच्या पैशाचा आहे.

जानेवारीत 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून झाली. बाहेरच्या देशांतले सायकलपटू आले. शर्यतीसाठी रस्त्यांची डागडुजी झाली, खड्डे बुजले, लोक टाळ्या वाजवायला कडेला उभे राहिले. चांगलं झालं. सायकल चालवायची म्हटल्यावर रस्ता कसा हवा हे सरकारला नीट कळतं, हे त्या निमित्तानं सगळ्यांना दिसलं. पुणे महापालिकेनंही २०१७ साली शहरासाठी सायकलचा मोठा आराखडा मंजूर केला होता. तालुक्याच्या रस्त्यावर रोज कामाला जाणाऱ्याला आराखडा लागत नाही. त्याला एक मीटर साइडपट्टी लागते, काँक्रीटच्या पातळीला भरलेली आणि दाबलेली.

ज्या नेदरलँड्सच्या पाच कसोट्या मी वर सांगितल्या, तो देशही सायकलवाल्यांचा म्हणून जन्माला आलेला नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यात चारशेहून जास्त लहान मुलं होती. त्यानंतर आयाबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा म्हणाले, आणि मग रस्ते बदलू लागले. आपल्याला तितकी मुलं मोजून होईपर्यंत थांबायची गरज नाही.

भाची, मी, कारखान्यातले सहा जण आणि दोन शिक्षक, अशा दहा सह्यांचा एक अर्ज आम्ही तयार केला आहे. अर्ज एका पानाचा आहे. कुठल्या किलोमीटरच्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत पायरी किती उंच आहे, ते पट्टी लावून मोजून लिहिलं आहे. मोजायचं काम तिनं केलं, लॅबमधल्यासारखं, दर दोनशे मीटरला एक नोंद. सगळ्यात कमी पाच सेंटिमीटर, सगळ्यात जास्त एकवीस. डेअरीवरच्या बाबांनीही सही केली. ते सायकल चालवत नाहीत, त्यांचा नातू शाळेला मोठ्या रस्त्यानं जातो. सही करून झाल्यावर त्यांनी विचारलं, 'मुरूम टाकायला किती दिवस लागत्यात?' पावसाच्या आत टाकला तर बसतो, नंतर टाकला तर वाहून जातो. म्हणून अर्ज याच महिन्यात द्यायचा आहे.